डोकं सौसरला

माझी मुलगी तीन महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मध्य प्रदेशातल्या सौसरच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कॉम्प्युटर चालवायची. अख्ख्या तालुक्यात तो एकच कॉम्प्युटर आहे असं आमचे शेठजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि त्याला हात लावायची परवानगी असलेली मी एकटीच. नागपुरात सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट माझ्या वडिलांनी फ्रेम करून बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं होतं आणि रोज सकाळी दोन्ही एकाच फडक्यानं पुसायचे.

पण लग्न होऊन मी आले पांढुर्ण्याला, आणि कॉम्प्युटर राहिला सौसरला. रोज सकाळी साडेसातची एसटी, संध्याकाळी परत यायला सात. मुलगी होईपर्यंत हे चाललं. आता ती पोटभर दूध प्यायची, ते माझंच प्यायची, आणि बाटली तोंडाला लावली की घर डोक्यावर घ्यायची. सासूबाईंचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं की नोकरी सोडावी. नवरा नगरपालिकेत होता. तो म्हणाला, तुम्हा दोघींचं जे ठरेल ते. हे एक वाक्य बोलून नवरे लोक कसे मोकळे होतात, त्याचा मला अजूनही राग येतो.

मला नोकरी सोडायची नव्हती आणि मुलीला बारा तास टाकून जायचंही नव्हतं. शेठजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, दोन्हीपैकी एक काहीतरी करा, नागपूरहून दुसरी मुलगी आणता येईल. त्यात त्यांचं चुकलं असं नाही. चुकलं माझंही नव्हतं. मग मी त्यांना कोर्सच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. त्यात एका गावातला माणूस टेलिफोनवरून दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरवर काम करत होता. कारखान्याचं एक गोदाम पांढुर्ण्याला, रेल्वेच्या मालधक्क्याजवळ होतंच. कापसाच्या गाठी सौसरला बांधल्या जायच्या, ट्रकनं पांढुर्ण्याला यायच्या आणि तिथून वॅगनमध्ये चढायच्या. कोणती गाठ कोणत्या वॅगनमध्ये, ही यादी सौसरच्या कॉम्प्युटरमध्ये असायची आणि एक माणूस ती एसटीनं घेऊन यायचा. एसटी चुकली की गाठी धक्क्यावर ऊन खात पडायच्या. मी म्हटलं, मी गोदामात बसते, यादी फोननं मागवते, आणि कोणती गाठ चढली ते फोननंच परत कळवते.

शेठजींनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं की असं जिल्ह्याच्या गावी, छिंदवाड्यात, कोणाकडे आहे का. मी म्हटलं, नाही. तिथंच काम झालं. पण शेठजी व्यापारी माणूस होते, त्यांनी अट घातली. पुढची वॅगन पंधरा दिवसांनी लागणार होती. त्या दिवशी यादी त्यांच्या समोर, फोनमधून, पूर्ण यायला हवी. आली तर मी पांढुर्ण्यात. नाही आली तर यंत्र परत नागपूरला आणि मी घरी.

नागपूरहून एक इंजिनीअर आला. त्यानं गोदामात एक पडदा आणि की-बोर्ड मांडला. त्याला तो टर्मिनल म्हणायचा. मी घरी सांगितलं की दिसायला कॉम्प्युटर आहे, पण यात डोकं नाही, डोकं सौसरला आहे. सासूबाई म्हणाल्या, मग त्यात नवीन काय, आपल्या घरातही एक असंच आहे. नवरा तेव्हा समोर जेवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

खरी गंमत दुसऱ्या डब्याची होती. एक चपटा डबा, वर रबराच्या दोन वाट्या. टेलिफोनचा रिसीव्हर उचलायचा आणि त्या वाट्यांमध्ये पालथा निजवायचा. असाच एक डबा सौसरला. मग सौसरचा डबा शिट्टी मारायचा, पांढुर्ण्याचा डबा त्याला उत्तर द्यायचा, आणि त्या किंचाळण्यातून अक्षरं यायची. इंजिनीअरनं टर्मिनलच्या मागचं एक बटणही दाखवलं. ते एका बाजूला केलं की तुम्ही टाइप केलेलं तारेतून सौसरला जातं, दुसऱ्या बाजूला केलं की नुसतं आपल्याच पडद्यावर दिसतं. याला हात लावू नका, असं तो तीनदा म्हणाला. आत शिरायला एक गुप्त शब्द लागायचा. तो शेठजींनी स्वतः ठरवला. त्यांच्या जीपचा नंबर. सौसरमध्ये तो शाळेतल्या पोरांनाही पाठ होता.

इंजिनीअरनं आधी सौसरला दोन्ही डबे एकाच टेबलावर ठेवून सगळं चालवून दाखवलं होतं, आणि गोदामातली मांडणी झाली तसा तो संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. सौसरच्या टोकाला रिसीव्हर उचलून वाटीत ठेवायला कोणीतरी माणूस लागणार होता, आणि तो माणूस म्हणजे आमचे बडेबाबू, कारखान्याचे हेडक्लार्क.

बडेबाबू कारखान्यात शेठजींच्या वडिलांच्या काळापासून होते. माझ्या बाळंतपणात गाठींचे नंबर, वजन आणि वॅगन कॉम्प्युटरमध्ये टाकायला मी त्यांनाच शिकवलं होतं. एका बोटानं टाकायचे, पण चूक नाही. शिवाय मशीनवर विश्वास नाही म्हणून तेच सगळं आधी एका लांबट वहीत लिहायचे. माणूस सभ्य, आणि सगळी अडचण त्या सभ्यतेतच होती. फोन आला की त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे. आधी राम राम. मी जय भीम म्हणायची. मग पोरगी कशी आहे, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, पांढुर्ण्यात पाणी आलं का. मग मी म्हणायची, बाबू, आता ठेवा वाटीत. पहिल्या दिवशी त्यांनी उलटा ठेवला, ऐकायचं टोक बोलायच्या वाटीत. दुसऱ्या दिवशी सरळ ठेवला. शिट्टी झाली, उत्तर गेलं, माझ्या पडद्यावर पहिली ओळ उमटली आणि मी आनंदानं टाळी वाजवली. मग दुसऱ्या ओळीत गाठीच्या नंबरमध्ये एक कंस आला. तिसऱ्या ओळीत दोन कंस आणि एक डॉलर.

चार दिवस मी डोकं आपटत होते. तार तपासली, वाट्या पुसल्या, रिसीव्हरला उशी दिली. ओळ यायची, मध्येच कचरा, परत ओळ, परत कचरा. कचरा कसा, तर अगदी नेमानं, दर पाच-सहा सेकंदांनी. पाचव्या दिवशी मी वैतागून एसटीनं सौसरला गेले आणि नवऱ्याला गोदामातून फोन लावायला सांगून बडेबाबूंच्या मागे उभी राहिले.

बाबूंनी फोन घेतला, राम राम केला, रिसीव्हर अगदी अलगद वाट्यांमध्ये ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून त्या डब्यावर कान नेला आणि आतली किरकिर ऐकत, मान हलवत म्हणू लागले, "हौ. हौ. हौ."

हे आमच्याकडचं वळण आहे, बाहेरच्याला पटायचं नाही. ट्रंक कॉलवर समोरचा बोलत असताना तुम्ही हौ म्हटलं नाही, तर त्याला वाटतं लाइन कटली, आणि तो हॅलो हॅलो करत बसतो. म्हणून ऐकणाऱ्यानं हौ म्हणत राहायचं. ते न म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. बाबूंनी तीस वर्षं फोनवर हेच केलं होतं. आता मशीन बोलत होतं, तेही एवढ्या लांबून, आणि त्याला कोणी हुंकारही द्यायचा नाही हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांचा प्रत्येक हौ त्या रबराच्या वाटीतून पांढुर्ण्याला जाऊन माझ्या पडद्यावर कंस होऊन पडत होता.

मी हसू दाबून त्यांना समजावलं. ते ओशाळले. म्हणाले, थे बिचारं एकटंच बोलून राहिलं तर बरं वाटत नाही. शेवटी ठरलं की रिसीव्हर ठेवला की त्यांनी तोंडात सुपारी ठेवायची. तोंड भरलेलं असलं की ते बोलत नसत, हाही त्यांच्या सभ्यतेचाच भाग.

सुपारीनं बाबूंचा प्रश्न सुटला. राहिल्या पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाई. सौसरचा फोन त्यांच्याकडे बुक करायचा, मग कधी वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी लागायचा. लागला की दर तीन मिनिटांनी बाई मध्ये येऊन विचारायच्या, बोलणं चालू आहे ना. त्या विचारायच्या आणि माझ्या पडद्यावर अर्धी ओळ चिन्हांनी भरायची. आठ दिवसांत मला ती चिन्हं बघूनच कळायला लागलं की बाई आल्या. कोणी उत्तर देत नाही, वर किंचाळण्याचा आवाज, तेव्हा त्या लाइन खराब समजून बोर्डातला दोर काढून फोन तोडायच्या. एकदा तर त्यांनी लाइनमनला पाठवलं. त्यानं गोदामाचा फोन उघडून साफ करून दिला आणि चहा पिऊन गेला.

मुलीला कडेवर घेऊन मी एक्स्चेंजमध्ये गेले. ऑपरेटर बाई पन्नाशीच्या, कानाला हेडफोन, समोर दोरांचं जंजाळ. त्यांनी आधी मला झापलं की आठ-दहा दिवसांपासून मी त्यांच्या कानाचं वाटोळं करून राहिले. मी सगळं सांगितलं, वॅगन, अट, मुलगी, सगळं. त्यांनी नियम सांगितला. माणसाचा आवाज नसेल तर लाइन अडवता येत नाही, दुसरे गिऱ्हाईक थांबलेले असतात. नियम खराच होता. मुलीनं त्यांच्या टेबलावरचा एक दोर पकडला आणि ओढला. कोणाचं तरी बोलणं तुटलं. बाईंनी दोर परत लावला, तिकडच्या माणसाची माफी मागितली आणि मला म्हणाल्या की वॅगनच्या दिवशी त्या ऐकत राहतील, पण मध्ये बोलणार नाहीत.

वॅगनचा दिवस उजाडला. दुपारी दोनला शेठजी जीपनं आले आणि गोदामात गाठीवर बसले. मी सासूबाईंना बजावून ठेवलं होतं की आज मुलीला गोदामात आणायचं नाही, काहीही झालं तरी नाही. एरवी त्या तीन वाजता तिला घेऊन यायच्या. फोन अडीचला लागला. राम राम, जय भीम, आणि बाबूंनी त्या दिवशी गुडघ्यांचीही चौकशी केली नाही. शिट्टी झाली. मी जीपचा नंबर टाकला. पडद्यावर यादी सुरू झाली, एकेक ओळ, संथ, स्वच्छ. शेठजी उठून जवळ आले. चार ओळी पाहून म्हणाले, हं. मग धक्क्यावरून मुकादमानं हाक मारली, वॅगन लागली होती, म्हणून ते पाहायला गेले. जाताना सांगून गेले की परत येईपर्यंत पूर्ण झाली पाहिजे.

तीन मिनिटं झाली. बाई बोलल्या नाहीत. एकूण चौसष्टपैकी एकोणीस ओळी आल्या होत्या. तेवढ्यात दारातून माझ्या मुलीचा आवाज आला.

सासूबाईंचा इलाज नव्हता, हे मी नंतर समजून घेतलं. पोरगी एक वाजल्यापासून रडत होती, बाटली तिनं दोनदा तोंडातून ढकलली होती. पण त्या क्षणी मी समजून वगैरे काही घेतलं नाही. पत्र्याच्या गोदामात ती अशी रडली की मालधक्क्यावरच्या हमालांनी वळून पाहिलं. आवाज थेट वाटीत गेला. विसावी ओळ कचरा, एकविसावी कचरा, मग पडदा जिथल्या तिथं थांबला. मी दोन-तीन कळा दाबल्या. काही नाही. परत फोन बुक करायचा म्हणजे कमीत कमी अर्धा तास. मी रिसीव्हर उचलला, का ते मलाही माहीत नाही. पलीकडे थोडा वेळ शिट्टी, मग खडखड, मग बडेबाबू.

त्यांनी विचारलं, पोरगी काहून रडून राहिली. मी म्हटलं, संपलं बाबू, यादी तुटली, शेठजी पाच-दहा मिनिटांत येतील. मला रडू येत होतं आणि त्या रडूचाच राग येत होता.

बाबू म्हणाले की यादी वहीत आहे. ते वाचतात, मी टाइप करावं. मला आधी कळलंच नाही. मग टर्मिनलच्या मागचं ते बटण आठवलं. दुसऱ्या बाजूला केलं की मी लिहिलेलं माझ्याच पडद्यावर दिसणार, जसं काही सौसरहून आलं. मी म्हटलं, ही लबाडी आहे, शेठजींची अट मशीनची होती.

बाबूंनी सुपारी थुंकली असावी. मग म्हणाले, "मले पाच पोरं झाले, बाई. एकाचंही रांगणं मी पाहिलं नाही. दिवसभर इथंच बसून होतो. तुम्ही लिहा."

मी बटण फिरवलं.

सासूबाईंना मी काही समजावलं नव्हतं, पण त्यांना सगळं समजलं होतं. नोकरी सोड म्हणून तीन महिने माझ्या मागे लागलेली ही बाई मुलीला खांद्यावर टाकून दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, थो शेठ येऊन राहिला का ते मी पायते. बाबू विसाव्या गाठीपासून वाचत होते, गाठीचा नंबर, वजन, वॅगन, परत नंबर. मी रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून टाइप करत होते. चाळिसाव्या गाठीला लाइनमध्ये अशी खरखर झाली की बाबूंचं काहीच ऐकू येईना. मग एक तिसरा आवाज शांतपणे म्हणाला, "एकशे बहात्तर किलो, वॅगन दुसरी." ऑपरेटर बाई. पुढच्या सात-आठ गाठी त्यांनीच बाबूंकडून ऐकून मला सांगितल्या.

पन्नासावी गाठ ओलांडली आणि सासूबाईंचा आवाज आला, पण माझ्यासाठी नाही. त्यांनी शेठजींना दारातच गाठलं होतं. तुमच्या कारखान्याची पोरगी पाहा म्हणून त्यांच्यापुढे मुलगी धरली. आमचे शेठजी लहान मुलापुढे विरघळतात, हे त्यांनी ऑफिसात कोणाला कळू दिलं नव्हतं. ते तिच्यासमोर चुटक्या वाजवू लागले, गाडीचा आवाज काढू लागले. पोरगी रडायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. मी बाबूंना कुजबुजत म्हणत होते, पुढचा, पुढचा, आणि त्यांचा आवाज एवढा हळू झाला की जणू शेठजी तिकडे सौसरला त्यांच्याच मागे उभे होते.

चौसष्टावी गाठ लिहून मी रिसीव्हर वाटीत ठेवला आणि हात मांडीवर घेतले. शेठजी आत आले. पडदा पाहिला. मुकादमानं गाठींवरून नंबर उतरवलेले तीन कागद घेऊन मधलेच नंबर जुळवले. जुळले. मग त्यांनी विचारलं की एवढा वेळ का लागला, आणि मधल्या दोन ओळींत हा कचरा कसला. मी सांगितलं, लाइन खराब होती. हे मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं आणि शेवटचं खोटं. त्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही होत नाही. शेठजी म्हणाले, उद्यापासून इथंच बसा, आणि छिंदवाड्याच्या एका व्यापाऱ्याला दाखवायला मी परत येईन. मग जीपमध्ये बसून गेले.

पुढं ते यंत्र रीतसर चाललंही. महिन्याभरात आम्ही वाटीभोवती टॉवेल गुंडाळायला शिकलो, बाबूंना सुपारीची सवय झाली, आणि छिंदवाड्याचा व्यापारी येऊन पाहून गेला. पण लाइन बिघडली की आठवड्यातून एखाद वेळ बाबू वाचायचे आणि मी लिहायची. मी पांढुर्ण्यातून सांगायची ती कळ ते सौसरला एका बोटानं दाबायचे, आणि काम व्हायचं.

त्या दिवशी मात्र जीपचा आवाज गेल्यावर मी रिसीव्हर परत उचलला. लाइन अजून होती. मी बाबूंना सांगितलं की झालं, इथंच राहायला सांगितलं. ते म्हणाले, बरं, आता फोन ठेवा आन् पोरीले घ्या. ऑपरेटर बाईंनी दोर काढला. सासूबाईंनी मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि गोदामाचं दार लोटून त्या बाहेर पायरीवर बसल्या. सव्वातीन वाजले होते, कामाची वेळ होती, आणि मी शेठजींच्या कारखान्याच्या खुर्चीत बसून माझ्या मुलीला पाजलं.